दोन सेटच्या मधली विश्रांती : स्नायू का थकतात आणि किती वेळ थांबायचं?



आजचा विषय थोडा वेगळा आहे. आपण इथे नेहमी वाचन, गणित, परिसर अभ्यास यांवर बोलतो. आज जिमविषयी बोलू. पण शेवटपर्यंत वाचा, कारण हा विषय आपल्या वर्गापर्यंत येऊन पोहोचतो.

मी प्राथमिक शिक्षक. डी.एड. करून नोकरीला लागलो तेव्हा अंगात रग होती. पुढे पस्तिशी जवळ आली आणि पाठ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पाठीचे आणि पायाचे स्नायू कमजोर झालेत, व्यायाम सुरू करा." म्हणून गेली दोन वर्षं शाळा सुटल्यावर तालुक्याच्या जिममध्ये जातो. पत्र्याचं शेड आहे, एक बेंच, दोन रॉड, थोड्या प्लेटा आणि डंबेल. बस, एवढंच.

तिथेच मला माझा एक जुना विद्यार्थी भेटला. चौथीत माझ्या वर्गात होता. आता अठराचा झालाय आणि पोलीस भरतीची तयारी करतोय. त्याचं नाव इथे लिहीत नाही.

त्या संध्याकाळी काय झालं?

तो बेंचवर आडवा पडून छातीचा व्यायाम करत होता. रॉड आणि प्लेटा मिळून पन्नास किलो. पहिला सेट दहाचा काढला. उठला, पाणी प्यायला आणि लगेच परत आडवा. दुसऱ्या सेटला सात झाले. मधे अर्धं मिनिटसुद्धा गेलं नसेल, तोवर तिसरा सेट सुरू. चौथ्या वेळेला रॉड खाली आला तो वर गेलाच नाही. छातीवर टेकला. तोंडातून नीट आवाजही निघेना.

मी शेजारीच होतो म्हणून बरं. मी आणि आणखी एका दादांनी मिळून दोन्ही बाजूंनी रॉड उचलला. त्याला काही झालं नाही, पण चेहरा पांढरा पडला होता. मानेवर आला असता तर? हा विचार मला रात्रभर झोपू देईना.

थोडा शांत झाल्यावर त्याने मला विचारलं, "सर, वजन तर तेवढंच होतं ना? पहिल्याला दहा झाले, मग तिसऱ्याला चारमध्येच हात कसे गेले?"

मी म्हटलं, "मधे थांबलास किती?"

"थांबायचं कशाला सर? थांबलं की पोरं म्हणतात टाइमपास करतोय. आणि आपल्या शाळेच्या भिंतीवरच लिहिलेलं होतं की, आराम हराम है!"

तो हसत म्हणाला, पण मला हसू आलं नाही. कारण ते वाक्य मीच त्यांना फळ्यावर सुलेखनाला द्यायचो. म्हणजे याच्या प्रश्नाचं उत्तर देणं ही माझीच जबाबदारी. चला तर मग, ते उत्तर क्रमाने समजून घेऊया.

१) स्नायूला ताकद मिळते कुठून?

घरातल्या पैशाचं उदाहरण घेऊ. पैसे तीन ठिकाणी असतात. खिशात थोडी चिल्लर, स्वयंपाकघरात आईने डाळीच्या डब्यात ठेवलेल्या नोटा आणि बँकेतली रक्कम.

* खिशातली चिल्लर म्हणजे एटीपी. स्नायू आकुंचन पावतो तो याच रसायनावर. पण याचा साठा फार थोडा, जोराच्या कामाला जेमतेम दोन-तीन सेकंद पुरेल एवढाच.
* डाळीचा डबा म्हणजे क्रिएटिन फॉस्फेट. चिल्लर संपत आली की यातून झटकन भरणा होतो. पूर्ण जोराचं काम असेल तर हा डबाही साधारण दहा सेकंदांत बराचसा रिकामा होतो.
* बँक म्हणजे ग्लायकोजेन, चरबी आणि प्राणवायू. इथे रक्कम भरपूर, पण रांग लावावी लागते. पैसा येतो, पण हळूहळू.

वजन उचलण्याचा एक सेट साधारण वीस ते चाळीस सेकंद चालतो. म्हणजे सेट संपेपर्यंत डाळीचा डबा तळाला गेलेला असतो. तो भरतो कधी? आपण थांबलो की. सुरुवातीच्या अर्ध्या-एक मिनिटात साधारण निम्मा भरतो, पुढचा हळू भरतो आणि जवळपास पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटं लागतात.

आता एक गंमत बघा. सेट संपून आपण उभे राहिलो तरी धाप चालूच असते. काम थांबलं, मग श्वास का थांबत नाही? कारण डबा भरण्याचं काम आत्ता सुरू झालेलं असतं आणि त्याला प्राणवायू लागतो. म्हणजे बाहेरून आपण नुसते उभे दिसतो, आत मात्र काम चालू असतं. "टाइमपास करतोय" म्हणणाऱ्या पोरांना हे सांगायला हवं.

२) मग लॅक्टिक आम्लाचं काय?

आपण सगळ्यांनी शाळेत हेच शिकलो आणि मीही वर्गात तेच सांगत आलो की, स्नायूत लॅक्टिक आम्ल साचतं म्हणून थकवा येतो. या समजुतीला मोठा इतिहास आहे. स्नायूतली उष्णता, प्राणवायू आणि लॅक्टिक आम्ल यांच्या अभ्यासाबद्दल आर्चिबाल्ड हिल आणि ओटो मायरहोफ या दोघा शास्त्रज्ञांना १९२२ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं होतं. त्यांचं काम मोठंच होतं. पण "लॅक्टिक आम्ल म्हणजे विष" असं जे पुढे पसरलं, ते आज तसं मानलं जात नाही.

आज समजतं ते असं. क्रिएटिन फॉस्फेट वापरलं जातं तेव्हा सुटं फॉस्फेट स्नायूत साचतं. आम्लताही वाढते. स्नायूच्या आत "आकुंचन पाव" हा संदेश कॅल्शियम पोहोचवतं, तो संदेशही कमजोर होतो. त्यात भर म्हणजे मेंदू आणि मज्जातंतूंकडून येणारा हुकूमही ढिला पडतो. या सगळ्याचा मिळून थकवा होतो. लॅक्टेट तर उलट हृदय आणि दुसरे स्नायू इंधन म्हणून वापरतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखतं त्याचाही दोष लॅक्टिक आम्लाला देऊ नका. ते व्यायामानंतर तास-दीड तासात रक्तातून कमी झालेलं असतं. ते दुखणं स्नायूच्या तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि त्यांच्या दुरुस्तीचं असतं.

३) एका बोटाने सांगितलेली गोष्ट

थकवा मोजायचा कसा, हा प्रश्न इटलीतल्या तुरिन शहरातल्या अँजेलो मोस्सो या शास्त्रज्ञाला पडला होता. ही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची गोष्ट. त्याने एक यंत्र केलं, एर्गोग्राफ. हात पट्ट्यांनी घट्ट बांधायचा, फक्त मधलं बोट मोकळं. बोटाला दोरी, दोरीला वजन. ठराविक ठेक्यावर बोट वाकवून वजन उचलायचं. प्रत्येक उचल कागदावर रेघ होऊन उमटायची. रेघा लहान लहान होत शेवटी बोट हलेनासं व्हायचं. १८९१ साली त्याने थकव्यावर पुस्तकच लिहिलं.

मोस्सोचा सहकारी माज्जोरा याने स्वतःच्या बोटावर खूप प्रयोग केले. त्यातली एक नोंद प्रत्येक व्यायाम करणाऱ्याने पाठ करावी अशी आहे. बोट पूर्ण थकेपर्यंत तीस वेळा वजन उचललं, तर परत पहिल्यासारखं व्हायला दोन तास लागत. मग त्याने निम्मंच काम केलं, पंधरा वेळा. आपल्याला वाटेल, निम्मं काम म्हणजे निम्मी विश्रांती, एक तास. पण नाही! अर्ध्या तासातच बोट ताजंतवानं.

याचा अर्थ काय? सुरुवातीच्या उचली स्वस्त असतात, शेवटच्या फार महाग. थकलेल्या स्नायूने केलेलं काम त्याला जास्त नुकसानीत टाकतं. माझ्या विद्यार्थ्याने पहिल्याच सेटला हात पूर्ण जाईपर्यंत दहा काढले. त्यातले शेवटचे दोन इतके महाग पडले की तिसऱ्या सेटचं भांडवल तिथेच संपलं.

आणि हो, शिक्षकांसाठी खास. काही तास विद्यार्थ्यांच्या परीक्षा घेतल्यानंतर माज्जोराचं बोट नेहमीपेक्षा लवकर थकलं, असंही मोस्सोने नोंदवून ठेवलं आहे. वजन तेच, बोट तेच. थकला होता मेंदू, पण कमी पडलं बोट. पेपर तपासून जिमला गेल्यावर नेहमीचं वजन जड का लागतं, हे मला तेव्हा कळलं!

४) "सेट" आले कुठून?

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकन लष्करात थॉमस डिलॉर्म नावाचे डॉक्टर होते. जखमी सैनिकांचे पाय बरे व्हायचे, पण मांडीचे स्नायू वाळलेले असायचे. डिलॉर्म यांनी त्यांना वजन उचलायला लावलं आणि हळूहळू ते वाढवत नेलं. १९४५ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. सुरुवातीला ते दहा-दहाचे सात ते दहा सेट करून घेत. पुढे १९४८ पर्यंत त्यांच्याच लक्षात आलं की एवढं लागत नाही. मग दहाचे तीन सेट आले. पहिला निम्म्या वजनाचा, दुसरा पाऊण वजनाचा आणि तिसरा पूर्ण वजनाचा. आज गावोगावच्या जिममध्ये "दहाचे तीन मार" असं जे सांगतात, त्याचं मूळ इथे आहे. जास्त म्हणजे चांगलं असं नाही, हे त्या डॉक्टरांनी स्वतःची पद्धत बदलून दाखवलं.

वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेतही बघा. खेळाडूला उचल सुरू करायला एक मिनिट देतात. पण त्याच खेळाडूची लागोपाठ दुसरी पाळी आली तर दोन मिनिटं देतात. नियम करणाऱ्यांनाही विश्रांतीची किंमत माहीत आहे.

५) मग नेमकं किती थांबायचं?

साधारण मार्गदर्शन असं आहे :

* खूप जड वजन (एका सेटला १ ते ५ वेळा) : ३ ते ५ मिनिटं.
* मध्यम वजन (६ ते १२ वेळा), मोठा व्यायाम : बैठका, बेंच यांसारख्या अनेक स्नायू लागणाऱ्या व्यायामाला २ ते ३ मिनिटं.
* मध्यम वजन, छोटा व्यायाम : फक्त दंडाचा डंबेल व्यायाम असेल तर १ ते दीड मिनिट.
* हलकं वजन (१५ च्या पुढे) : ३० सेकंद ते १ मिनिट.

"कमी थांबलं की स्नायू जास्त वाढतात" असं पुष्कळ जण सांगतात. २०१६ साली अमेरिकेत ब्रॅड शोनफेल्ड आणि सहकाऱ्यांनी व्यायामाची सवय असलेल्या तरुणांवर आठ आठवडे हे तपासलं. एक गट सेटमध्ये एक मिनिट थांबे, दुसरा तीन मिनिटं. तीन मिनिटं थांबणाऱ्यांची ताकद जास्त वाढली आणि स्नायूंची वाढही त्यांच्यात सरस दिसली. एकच अभ्यास म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. पण घाई केल्याने फायदाच होतो, हा समज त्यामुळे नक्कीच डळमळतो.

६) त्या दोन-तीन मिनिटांत काय करायचं?

१. लगेच आडवं पडू नका, एकदम खालीही बसू नका. चार पावलं हळू चाला.
२. श्वास शांत होऊ द्या. नाकाने घ्या, तोंडाने सावकाश सोडा. एक वाक्य सलग बोलता येत नसेल, तर पुढचा सेट सुरू करू नका.
३. पाण्याचे एक-दोन घोट. पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिल-मे महिन्यात हे विसरून चालत नाही.
४. वहीत आकडा लिहा. किती वजन, किती वेळा. जिममध्ये वही नेली म्हणून मला हसले होते. आता तिघे जण वही आणतात.
५. घड्याळ लावा. अंदाजाने थांबलं तर तहान लागली तेव्हा अर्धं मिनिट आणि मोबाईल हातात आला की दहा मिनिटं होतात. दोन्ही चूकच. फार वेळ थांबलं तर अंग थंड पडतं.
६. वेळ कमी असेल तर छातीच्या सेटनंतर पाठीचा सेट घ्या. एक स्नायू काम करतो तेव्हा दुसरा विसावतो.
७. प्रत्येक सेटला हात जाईपर्यंत ओढू नका. एक-दोन उचली शिल्लक असतानाच थांबा. माज्जोराचं बोट आठवा.
८. मागच्या सेटपेक्षा आकडा एकदम तीन-चारने घसरला, तर वेळ वाढवा किंवा वजन उतरवा. यात कमीपणा नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बेंचवर जड वजन एकट्याने कधीच घेऊ नका. डोक्याशी एक माणूस उभा हवाच.

७) वर्गात करता येईल असा उपक्रम : चिमट्याचा प्रयोग

साहित्य : कपडे वाळत घालायचा चिमटा, घड्याळ, वही.

कृती : मुलांच्या जोड्या करा. एकाने एका हाताच्या अंगठा आणि तर्जनीने चिमटा पूर्ण उघडायचा-मिटायचा, दुसऱ्याने मोजायचं. वेळ एक मिनिट. आकडा लिहायचा. मग फक्त दहा सेकंद थांबून पुन्हा एक मिनिट. आकडा लिहायचा. दुसऱ्या दिवशी हाच प्रयोग, पण मधे तीन मिनिटं थांबून.

माझ्या चौथीच्या वर्गात हा प्रयोग केला तेव्हा जवळपास प्रत्येक जोडीला फरक दिसला. एक मुलगी म्हणाली, "सर, काल बोटं माझं ऐकतच नव्हती. आज ऐकली." मला वाटतं, थकव्याची याहून चांगली व्याख्या मला पुस्तकात सापडली नाही. याच आकड्यांवरून वजाबाकी, स्तंभालेख आणि "असं का झालं असेल?" यावर चार ओळी लेखन, असे तीन विषय एकाच उपक्रमात होतात. बोट दुखलं की लगेच थांबायचं, ही सूचना मात्र आधी द्या.

८) पालकांसाठी चार गोष्टी

* प्राथमिक शाळेतल्या मुलांना जड रॉड-प्लेटांची गरज नाही. पळणं, दोरीच्या उड्या, कबड्डी, मल्लखांब, सूर्यनमस्कार यांतून स्नायूंना भरपूर काम मिळतं.
* "वजन उचललं की उंची खुंटते" या भीतीला चांगला पुरावा नाही. जाणकार प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली हलक्या वजनाचा व्यायाम किशोरवयीन मुलं करू शकतात. धोका असतो तो चुकीची पद्धत, जास्तीचं वजन आणि देखरेख नसणं यांत.
* झोप आणि जेवण हीसुद्धा विश्रांतीच. भाकरी, उसळ, अंडी, शेंगदाणे, दूध हे आधी. डब्यातली पावडर कुणाच्या सांगण्यावरून घरात आणू नका, डॉक्टरांना विचारा.
* छातीत दुखणं, चक्कर, सांध्यात चमक येणं ही थकव्याची साधी लक्षणं नाहीत, व्यायाम तिथेच थांबवा. खूप जास्त व्यायामानंतर स्नायू सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटल्याची ती खूण असू शकते आणि त्याने मूत्रपिंडाला इजा होते.

शेवटी थोडं मनातलं

त्या प्रसंगानंतर आठवड्याने त्याची आई बाजारात भेटली. म्हणाली, "सर, पोरगं रात्री अकरापर्यंत जोर मारतंय, पहाटे चारला पळायला जातंय. भरती लागली नाही तर काय, याचीच धास्ती घेतलीय त्याने. तुम्हीच सांगा त्याला काहीतरी." तेव्हा मला कळलं की तो थांबत का नव्हता. त्याला कमी थकवा येत होता असं नाही. थांबलं तर मागे पडू, ही भीती होती. आणि ही भीती त्याला जिमने दिली नव्हती, ती आपणच देतो. वर्गात हात दुखतोय म्हणणाऱ्या मुलाला "लिही गुपचूप" म्हणणारा मीच होतो.

मी त्याला बसवून वरचं सगळं समजावलं. डाळीच्या डब्याचं उदाहरण त्याला पटलं. म्हणाला, "म्हणजे सर, मी रिकाम्या डब्यात हात घालत होतो." मग आम्ही ठरवलं, वजन पाच किलोने उतरवायचं, मधे तीन मिनिटं घड्याळ लावून थांबायचं आणि डोक्याशी मी उभा राहायचं. पहिल्या दिवशी वहीत आकडे आले आठ, आठ, सात. तो त्या आकड्यांकडे बघतच राहिला. तिन्ही सेट मिळून तेवीस. आधी पन्नास किलोवर जीव धोक्यात घालून वीसच झाले होते.

भरती अजून व्हायची आहे. लागेल की नाही, ते मी सांगू शकत नाही. पण तो आता रात्री दहाला झोपतो, असं आई सांगते.

भिंतीवरचं ते वाक्य अजून आहे. आळस करू नका हा त्याचा अर्थ आजही मला मान्य आहे. पण आता मुलांना वाचून दाखवताना मी एक गोष्ट जोडतो, आळस वेगळा आणि विश्रांती वेगळी. आळस कामाच्या आधी येतो. विश्रांती एका कामानंतर आणि दुसऱ्या कामासाठी असते.

चिमट्याचा प्रयोग आपल्या वर्गात आणि घरी नक्की करून बघा.